नाणं आपलं, चांदी कुणाची?

डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीवर सेस्टोस नावाचं ग्रीक नगर होतं. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या लोकांनी मेनास नावाच्या नागरिकाचा सन्मान करणारा एक शिलालेख कोरून घेतला. त्यात नगराने स्वतःची ब्राँझची नाणी पाडायचं का ठरवलं, तेही लिहून ठेवलं आहे. कारणं दोन. एक, आपल्या नगराचा छाप चलनात राहावा. दोन, त्यातून सुटणारा नफा लोकांना मिळावा. मेनासने हे काम चोख पार पाडलं, म्हणून त्याचं कौतुक.

मान आणि मिळकत. आडपडदा नाही. चलनाबद्दल इतकं सरळ बोलणारी सरकारं नंतरच्या काळातही फार झाली नाहीत.

पण सेस्टोसने पाडलं ते ब्राँझ, चांदी नव्हे. या विषयाची किल्ली तिथेच आहे. ग्रीक नगरराज्याचं नाणं दोन वेगळ्या जागी चालायचं: वेशीच्या आत आणि वेशीच्या बाहेर. आत कायदा होता, शिक्षा होती, दुकानदाराला ‘घे’ म्हणून सांगता येत होतं. बाहेर, बंदरावर आलेल्या परक्या तांडेलाला कुणी काही सांगू शकत नव्हतं. तो वजन बघायचा, कस बघायचा आणि मग बोलायचा. स्वतःचं नाणं पाडलं म्हणजे आर्थिक स्वातंत्र्य आलं, हे समीकरण वेशीवर अडतं. ते कुठे आणि कसं अडतं, ते बघू.

आधी वजनं

ग्रीक नाण्याचं नाव हे मुळात वजनाचं नाव. ओबोल म्हणजे लोखंडी सळई. अशा सहा सळया एका मुठीत मावतात, म्हणून सहा ओबोलांची एक ‘मूठ’, ती ड्रॅक्मा, अशी व्युत्पत्ती खुद्द ग्रीकच देत. हा शब्द पुढे आपल्याकडे ‘द्रम्म’ होऊन आला, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत तो भेटतो, आणि घासून घासून त्याचा ‘दाम’ झाला. ‘दाम करी काम’ म्हणताना आपण ग्रीक मूठच मोजत असतो.

अथेन्सच्या मापात एक ड्रॅक्मा साधारण ४.३ ग्रॅम चांदीची. १०० ड्रॅक्मांचा एक मिना, ६० मिनांचा एक टॅलेंट. म्हणजे टॅलेंटमध्ये ६,००० ड्रॅक्मा, जवळपास २६ किलो चांदी. मोठ्या व्यवहारात चालायचं ते चार ड्रॅक्मांचं, १७.२ ग्रॅमचं नाणं. टॅलेंट ही केवढी रक्कम, ते एका हिशेबातून कळतं. ट्रायरीम या युद्धनौकेवर सुमारे २०० माणसं असत. माणशी रोज एक ड्रॅक्मा दिली तर दिवसाला २०० आणि तीस दिवसांच्या महिन्याला ६,००० ड्रॅक्मा. एक जहाज, एक महिना, एक टॅलेंट.

अडचण अशी की ‘ड्रॅक्मा’ सगळीकडे एकच नव्हती. एजिना बेटाची ड्रॅक्मा ६.१ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एजिनाच्या ७० बरोबर अथेन्सच्या १००. कोरिंथने हुशारी केली. त्यांचं मोठं नाणं ८.६ ग्रॅमचं, म्हणजे अथेन्सच्या दोन ड्रॅक्मांइतकं. पण त्याचे त्यांनी तीन भाग पाडले, २.९ ग्रॅमचा एक. बंदं नाणं शेजाऱ्याशी जुळणारं, मोड मात्र आपली. बाहेरच्या व्यापाराला दार उघडं आणि घरचा हिशेब वेगळा.

या गोंधळावर पोट भरणारा माणूस म्हणजे मेज मांडून बसलेला सराफ. मेजाला ग्रीकमध्ये ‘त्रापेझा’, आणि ग्रीसमध्ये आजही बँकेला हाच शब्द आहे. नाणं बदलून देताना तो बट्टा कापायचा. परक्या नाण्याची ओळख जितकी कमी, तितका बट्टा जास्त.

टांकसाळीला नफा तीन वाटांनी सुटतो. पहिली वाट घडणावळीची. सोनार दागिन्याची घेतो तशी. समजा, १०० ड्रॅक्मा वजनाची चांदी आत गेली आणि ९५ नाणी बाहेर आली, तर पाच नगराची. दुसरी वाट वजन कमी करून नाव तेच ठेवण्याची. तिसरी वाट स्वस्त धातूवर मोठी किंमत छापण्याची, जी सेस्टोसने धरली. पहिली वाट वेशीबाहेरही थोडीफार चालते, कारण छापाची ओळख असेल तर लोक त्याचे चार पैसे जास्त देतात. दुसरी आणि तिसरी फक्त आतच चालतात.

लॉरियनची चांदी

अथेन्सचं नाणं जगभर चाललं, त्याला आधी कारण भूगोलाचं. नगराच्या दक्षिणेला लॉरियनच्या डोंगरात चांदीचा अंश असलेलं शिशाचं खनिज होतं. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास मारोनिया इथे मोठा साठा हाती लागला. पैसा नागरिकांत वाटून टाकावा असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याने तो जहाजं बांधायला लावला. तीन वर्षांनी सालामिसच्या समुद्रात इराणी आरमाराला तोंड दिलं ते याच जहाजांनी.

चांदी काढणं सोपं नव्हतं. खनिज फोडायचं, दळून बारीक करायचं, मग उतरत्या फरशांवर पाण्याने धुवायचं: हलकी माती वाहून जाते, जड कण मागे राहतात. लॉरियनला पाण्याची टंचाई, त्यामुळे पावसाचं पाणी टाक्यांत साठवून तेच ते पाणी पन्हळींतून पुन्हा फिरवत. नंतर भट्टीत वितळवून चांदीमिश्रित शिसं काढायचं. खरी कमाल शेवटच्या पायरीची. हे शिसं उथळ मुशीत लालबुंद तापवून वरून हवेचा झोत द्यायचा. शिशाचं मुरदाडशिंग, म्हणजे हवेशी मिळून झालेला ऑक्साइड, होऊन ते निघून जातं, मुशीही काही शोषते, आणि चांदीवर हवेचा परिणाम होत नसल्याने तिचा गोळा तळाशी उरतो. झोत लवकर थांबला तर शिसं राहून जातं आणि नाणं हिणकस होतं. अथेन्सच्या घुबडछाप नाण्यात चांदी सहसा ९८ टक्क्यांच्या वर असे, ती या पायरीत हयगय न केल्यामुळे.

हे सगळं गुलामांच्या अंगावर चालायचं. निकियास या धनिकाने १,००० गुलाम खाणीत भाड्याने दिले होते, दर माणसामागे रोज निव्वळ एक ओबोल. वर्षाचे ३६० दिवस धरले तर ६०,००० ड्रॅक्मा, म्हणजे १० टॅलेंट, घरबसल्या. अथेन्सच्या आर्थिक स्वातंत्र्याची ही दुसरी बाजू कुठल्या नाण्यावर छापलेली नव्हती. छापलेली होती ती एका अंगाला अथेना, दुसऱ्या अंगाला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि ‘अथे’ ही तीन अक्षरं.

दुसऱ्याच्या टांकसाळीला कुलूप

इराणी आक्रमणानंतर अथेन्सच्या नेतृत्वाखाली नगरांचा संघ झाला. पहिली वर्गणी ४६० टॅलेंट ठरली होती. संघाचं साम्राज्य कसं झालं, हे बघायला थासोस बेट पुरेसं आहे. थासोसकडे समोरच्या किनाऱ्यावर बाजारपेठा आणि खाण होती. त्यांवरून वाद झाला, इ.स.पू. ४६५ मध्ये थासोस संघातून फुटलं, तिसऱ्या वर्षी शरण आलं. तट पाडले, जहाजं दिली, किनारा गेला, खाण गेली. धातूचा उगम गेल्यावर टांकसाळ राहिली काय, नि न राहिली काय.

पुढे अथेन्सने थेट फर्मानच काढलं. त्याचे दगडावर कोरलेले तुकडे कोस, सिफ्नोस, अफितिस, सिमे अशा दूरदूरच्या ठिकाणांशी जोडलेले आहेत, कारण प्रत्येक नगराच्या बाजारचौकात प्रत उभारायची, हे त्या फर्मानातच लिहिलेलं होतं. मजकूर असा: मित्रनगरांनी स्वतःची चांदीची नाणी पाडायची नाहीत, अथेन्सचीच नाणी, वजनं आणि मापं वापरायची, परकं नाणं असेल ते टांकसाळीतून बदलून घ्यायचं. बेटं, आयोनिया, हेलेस्पाँट (डार्डनेल्सचाच मुलूख) आणि थ्रेस असे चार दिशांना चार दवंडीवाले निघाले. हे नेमकं कधीचं, यावर अभ्यासकांत पिढ्यान्‌पिढ्या भांडण आहे, आणि त्यातला मोठा भाग दगडावरचं सिग्मा (ग्रीक ‘स’) तीन रेघांचं, म्हणजे जुन्या वळणाचं, की चार रेघांचं, यावर लढला गेला. कुणी ४४० चं दशक धरतं, कुणी ४२० नंतरचं. इ.स.पू. ४१४ च्या एका विनोदी नाटकात मात्र फर्मानं विकत फिरणारं एक पात्र याच भाषेची टर उडवतं, म्हणजे तोवर ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

अथेन्सला यातून काय मिळालं? वर्गणी मोजायला एकच नाणं, आरमाराचे पगार द्यायला तेच, टांकसाळीला काम. मित्रनगरांची सोयही झाली, हे नाकारता येत नाही. बंदरागणिक बट्टा देण्यापेक्षा एक चलन केव्हाही बरं. पण सेस्टोसची दोन्ही कारणं, मान आणि मिळकत, त्यांच्या हातून गेली. शिवाय ज्याच्या हाती लॉरियन, त्याच्या हाती सगळ्यांचं चलन. काही नगरं तरीही स्वतःची नाणी पाडत राहिली, त्यावरून हुकूम सगळीकडे सारखा चालला नसावा असं दिसतं.

स्पार्टाने उलटं टोक गाठलं होतं. चांदीचं नाणंच नको, लोखंडाच्या सळया पुरेत; बाहेर कुणी घेत नाही म्हणून बाहेरची चैन आत येत नाही. शेतीवर जगणाऱ्या नगराला हे झेपतं. पण अथेन्सशी लांबलेल्या युद्धात तिला हरवायचं तर आरमार हवं, आणि वल्हेकरी सळया घेत नाहीत. शेवटी इराणच्या राजपुत्राच्या दारात जावं लागलं. या राजपुत्राने, सायरसने, स्पार्टाचा सेनापती लायसँडर याच्या विनंतीवरून वल्हेकऱ्याचा रोज तीन ओबोलांवरून चार केला, आणि पैसा इराणचा. चलनाचा सोवळेपणा पाळणारं नगर सगळ्यात मोठ्या परावलंबनात गेलं. युद्ध जिंकल्यावर लुटीची पोती स्पार्टाला नेणाऱ्या गिलिप्पस या सेनानीने पोत्यांची तळाची शिवण उसवून चांदी काढली आणि घराच्या कौलांखाली दडवली. प्रत्येक पोत्यात रकमेची चिठ्ठी होती, ती त्याला ठाऊक नव्हती. त्याच्या नोकराने सांगितलं म्हणतात: कौलांखाली बरीच घुबडं झोपली आहेत.

गालात ब्राँझ

इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाने अथेन्सजवळ डेकेलिया इथे कायमचा तळ ठोकला. २०,००० हून अधिक गुलाम पळून गेले, आणि लॉरियनचं काम कोलमडलं. अथेन्सने वर्गणीऐवजी समुद्री मालावर ५ टक्के जकात बसवून पाहिली. भागलं नाही. ४०७-६ मध्ये अक्रोपोलिसवरच्या विजयदेवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून सोन्याची नाणी पाडली. त्यानंतर आली आत ब्राँझ आणि वर चांदीचा पातळ पत्रा असलेली नाणी. ४०५ च्या नाटकात विनोदी नाटककार अॅरिस्टोफेनीस कुरकुरतो की जुनी खणखणीत नाणी सोडून आपण काल-परवा पाडलेली ही भिकार ब्राँझची नाणी वापरतो. जुनी चांदी अर्थातच लोकांनी दडवून ठेवली. सारख्या किमतीचं वाईट नाणं हातात असताना चांगलं कोण खर्च करेल?

ही नाणी रद्द झाली तो प्रसंगही याच लेखकाच्या पुढच्या एका नाटकात आहे. एक माणूस द्राक्षं विकतो. सुटे पैसे अथेन्समध्ये लोक तोंडात ठेवत, कारण ओबोल पाऊण ग्रॅमचीही नसे, आणि तिच्या भागांची नाणी तर बोटाच्या पेरावरून उडून जातील इतकी बारीक. तर हा माणूस गालभर ब्राँझ घेऊन जवाचं पीठ आणायला जातो, पिशवीचं तोंड उघडून धरतो, आणि तेवढ्यात दवंडी होते: यापुढे ब्राँझ कुणी घ्यायचं नाही, आपलं चलन चांदीचं. २०१६ चा नोव्हेंबर ज्यांना आठवतो, त्यांना त्या उघड्या पिशवीबद्दल वेगळं सांगायला नको.

चौकातला परीक्षक

अथेन्स सावरलं आणि घुबड पुन्हा चांगल्या चांदीचं झालं. आता नवाच प्रश्न आला. हे नाणं इतकं खपत होतं की इजिप्त आणि पूर्वेकडच्या किनाऱ्यावर लोक त्याची नक्कल पाडू लागले. काही नकला चांदीने अस्सल, काही आतून पोकळ. दुकानदारांनी सोपा मार्ग काढला: शंका आली की नाणं नाकारायचं. त्यात खरी नाणीही नाकारली जाऊ लागली. स्वतःच्याच बाजारात स्वतःचं नाणं चालेना.

यावर इ.स.पू. ३७५-४ मध्ये निकोफोनच्या प्रस्तावाने कायदा झाला. त्याचा संगमरवरी दगड १९७० साली अथेन्सच्या जुन्या चौकात सापडला. कायदा असा चालतो.

नगराचा एक सरकारी परीक्षक, तोही सरकारी गुलामच, रोज सराफांच्या मेजांमध्ये बसेल. सरकारी भरणा असेल त्या दिवशी तो सभागृहात बसेल. नाणं समोर आलं की तीन शक्यता. चांदी अस्सल आणि छाप अथेन्सचा, तर ते सगळ्यांनी घेतलंच पाहिजे. छाप घुबडाचाच पण नाणं परकं, तर ते आणणाऱ्याला परत द्यायचं. जप्त करायचं नाही आणि ‘घ्याच’ असंही म्हणायचं नाही. आत ब्राँझ किंवा शिसं असेल किंवा नाणं बनावट असेल, तर तिथल्या तिथे आडवं कापायचं. ते देवमातेच्या मालकीचं झालं म्हणून सभेकडे जमा.

परीक्षकाने मंजूर केलेलं नाणं ज्याने नाकारलं, त्याचा त्या दिवशी विक्रीला मांडलेला सगळा माल जप्त. तक्रार कुठे करायची तेही ठरलेलं: धान्यबाजारात धान्यरक्षकांकडे, चौकात आणि नगरात नागरिकांच्या सभेच्या संग्राहक नावाच्या अधिकाऱ्यांकडे, बंदरावर बंदराच्या अधिकाऱ्यांकडे. दहा ड्रॅक्मांपर्यंतचा निवाडा अधिकारीच करतील, त्यावरचं प्रकरण न्यायालयात. खबर देणारा जिंकला तर अर्धा माल त्याचा. परीक्षक जागेवर बसला नाही किंवा नियमाप्रमाणे तपासलं नाही, तर त्याला पन्नास फटके. पिराएउस बंदरासाठी दुसरा परीक्षक नेमायचा, कारण परके व्यापारी तिथेच उतरतात, आणि त्याचा पगार टांकसाळीच्या कारागिरांना जिथून मिळतो तिथूनच द्यायचा. या कायद्याविरुद्धचा ठराव कुठे दगडावर कोरलेला असेल तर तो दगड पाडून टाकायचा.

मला या कायद्यातली परक्या घुबडाची वाट फार आवडते. नकलेवर बंदी घातली असती तर चांगली चांदी अथेन्समध्ये येणंच थांबलं असतं. तिला येऊ दिलं, फक्त हमी आपल्या छापालाच ठेवली.

परीक्षक नेमकं काय करायचा? डोळ्याने छाप बघायचा, वजन हातात तोलायचं, दगडावर आपटून आवाज ऐकायचा. लिडियाच्या काळ्या दगडावर धातू घासून कस बघण्याची पद्धत ग्रीकांना ठाऊक होती. आपली कसोटी तीच. शेवटचा उपाय छिन्नीची चीर. पूर्वेकडे सापडणाऱ्या घुबडांवर अशा खोल चिरा कितीतरी दिसतात, एकेका नाण्यावर दोन-तीन. आपल्याकडे सळईने भोक पाडून नाणं ‘सुलाखत’. ‘तावून सुलाखून’ हा शब्दप्रयोग त्याच कामातला. चीर पडलेलं नाणं खराब मानत नसत. आतली चांदी दिसली, की उलट विश्वास वाढायचा.

या काळात झेनोफोन या लेखकाने अथेन्सच्या फायद्याचं एक कारण लिहिलं आहे: इतर नगरांत माल विकल्यावर व्यापाऱ्याला परतीचा माल भरावाच लागतो, कारण तिथलं नाणं बाहेर चालत नाही, अथेन्समधून मात्र नुसती चांदी घेऊन निघालं तरी जाईल तिथे ती जास्त किमतीला जाते. प्लेटोनेही कल्पनेतल्या नगरासाठी दोन चलनं सुचवली: रोजच्या वापराला घरचं, बाहेर किंमत नसलेलं; आणि मोहिमा व वकिलातींसाठी सर्व ग्रीकांत चालणारं, सरकारच्या ताब्यातलं.

लोखंडाचं कर्ज

ज्यांच्याकडे लॉरियन नव्हतं त्यांनी काय केलं? सर्वांत डोकं लावून केलेला प्रयोग आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या क्लाझोमेनेचा. भाडोत्री सैनिकांचा २० टॅलेंट पगार थकला होता. सेनापतींना दरवर्षी ४ टॅलेंट व्याज जायचं, म्हणजे २० टक्के, आणि मुद्दल जागच्या जागी. नगराने २० टॅलेंट किमतीची लोखंडी नाणी पाडली, ऐपतीप्रमाणे श्रीमंतांत वाटली, आणि तितकीच चांदी त्यांच्याकडून घेतली. चांदीने सेनापतींचं देणं फिटलं. श्रीमंतांना घरखर्चाला लोखंड होतं, ते आत चालत होतं. मग नगराने आपल्या उत्पन्नातून त्यांना व्याज द्यायला सुरुवात केली आणि थोडी थोडी चांदी देऊन लोखंड परत घेतलं.

बाहेरचं कर्ज त्यांनी घरात आणलं. बाहेर जाणारे ४ टॅलेंट घरातच फिरू लागले. हे चाललं याचं कारण लोखंडाची संख्या ठरलेली होती आणि ते परत घ्यायचं आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इथे नगराने दुप्पट लोखंड पाडलं असतं तर खेळ तिथेच संपला असता.

सिसिलीतल्या सिराक्यूजचा हुकूमशहा डायोनिसियस याने हेच उलट्या बाजूने केलं. नागरिकांकडून कर्ज घेतलं. ते मागायला लागल्यावर सगळी चांदी आणून द्या, नाहीतर मृत्युदंड, असा हुकूम काढला. मग एका ड्रॅक्मावर दोनचा छाप मारून त्याच पैशाने कर्ज फेडलं. हिशेब पूर्ण, सावकार अर्धे. पुढच्या वेळी त्याला कर्ज कोण देणार?

अथेन्सचा सेनापती टिमोथिअस इ.स.पू. ३६० च्या दशकात ऑलिन्थसविरुद्ध लढत होता. चांदी संपल्यावर त्याने सैनिकांना ब्राँझ दिलं. सैनिक भडकले. त्याने व्यापाऱ्यांना सांगितलं: या ब्राँझने या मुलखातला माल आणि लूट विकत घ्या, जे उरेल ते माझ्याकडे आणा, चांदी देतो. व्यापारी घेऊ लागल्यावर सैनिकही घेऊ लागले. ब्राँझमागे कधीतरी चांदी मिळेल, एवढी खात्री पुरली. क्रीटमधल्या गोर्टिनने इ.स.पू. तिसऱ्या शतकात ब्राँझ आणलं तेव्हा मात्र कायद्यावर भिस्त ठेवली: ब्राँझ नाकारील किंवा चांदीचा ओबोल घेईल त्याला पाच चांदीचे स्टेटर (मोठी नाणी) दंड. दंड चांदीतच, ब्राँझमध्ये नाही. गोर्टिनला स्वतःच्या ब्राँझची किंमत बरोबर ठाऊक होती.

बंद दाराचा इजिप्त

वजन कमी करायची दुसरी वाट मोठ्या प्रमाणावर जमवली ती इजिप्तचा ग्रीक राजा पहिला टॉलेमी याने. इजिप्तमध्ये चांदी निघत नाही, धान्य मात्र सगळ्या भूमध्य समुद्राला हवं. त्याने चार ड्रॅक्मांचं नाणं १७.२ ग्रॅमवरून टप्प्याटप्प्याने १४.२ ग्रॅमवर आणलं आणि परक्या नाण्याला देशात बंदी केली. अलेक्झांड्रियाला उतरलेल्या व्यापाऱ्याने अथेन्सचं वजन द्यायचं आणि तेवढीच, पण हलकी नाणी घ्यायची. दर नाण्यामागे ३ ग्रॅम, म्हणजे १७ टक्क्यांहून जास्त, राजाचे.

इ.स.पू. २५८ चं एक पत्र पपायरसवर उरलं आहे. अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीतला डेमेट्रिओस राजाच्या अर्थमंत्र्याला, अपोलोनिओसला, लिहितो की परके व्यापारी चांगलं सोनं घेऊन आले आहेत, ते नव्याने पाडून मागत आहेत, पण बँका घेत नाहीत, कुणाकडे जावं कळत नाही, व्यापारी संतापले आहेत आणि पैसा नुसता पडून आहे. कागदावर नीट दिसणारी योजना खिडकीपाशी कशी अडकते, त्याचं हे बावीसशे वर्षांपूर्वीचं तक्रारपत्र. तरी टॉलेमींचं दार बंद राहिलं, कारण आत धान्य होतं. क्लाझोमेनेने असं दार लावलं असतं तर बाहेर कुणी थांबलंच नसतं.

आपल्या किनाऱ्याशी या गोष्टीचा धागा जुळतो तो भरुचपाशी. इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रमार्गाच्या वहीत नोंद आहे की तिथल्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांच्या जुन्या ग्रीक अक्षरांच्या ड्रॅक्मा अजून चालतात, आणि रोमन सोन्या-चांदीच्या नाण्यांवर स्थानिक पैशाशी बदलताना फायदा सुटतो. याच परंपरेतली, दोन ग्रॅमहून थोडी जास्त वजनाची चांदीची नाणी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाने पाडली: त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला अशी १३,००० हून अधिक नाणी एका साठ्यात मिळाली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे. नहपानाला हरवल्यावर त्याने चांदी वितळवली नाही, वजन बदललं नाही. तेच नाणं ठशावर ठेवून वरून हातोडा मारला. घाव जिथे तिरका बसला, तिथे तीन कमानींच्या डोंगराखालून नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरांची टोकं अजून दिसतात.